तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

पाणथळ कुरणावर धान्याचं गोदाम झालं असतं, तर आर्ने हॉगलंडचा फायदा उघड होता: दारापर्यंत डांबरी रस्ता, आणि सोयाबीन टाकायला चौदा मैलांची फेरी वाचली असती. तोटा बाकीच्या अकरा घरांचा. कोरड्या सालात आमच्या गाईंना तेवढंच एक गवत.

मार्च सरत आला होता. गोदाम कुठं बांधायचं हे ठरवायला, बुटांचा चिखल दारात सोडून आम्ही चर्चच्या तळघरात जमलो. जिल्हा कचेरीच्या केंड्राबाईंनी पडदा लावला. माणशी शंभर गुण. कुरण, शेत, रस्ता, रोजगार यांत ज्यानं त्यानं वाटायचे. मग संगणक पुढची तीस वर्षं चालवून दाखवणार, आणि जे निघेल ते जिल्ह्याचं मंडळ मंजूर करणार.

आता आमच्यात रीत अशी, की कॉफी पुढं आली की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा कप धरायचा. हावरट दिसण्यापेक्षा उपाशी बरं. बाकी सगळ्यांनी कुरणाला लाजत पाच-पाच गुण दिले, उरलेले इकडंतिकडं वाटले. मीही पाचच. आर्नेनं शंभरच्या शंभर रस्त्यावर ओतले. तीस वर्षं मिनिटात सरली, आणि पडद्यावरचं हिरवं कुरण गोदामाखाली करडं झालं.

"कुरणाची तुम्हाला फारशी गरज दिसत नाही," बाई म्हणाल्या.

बोर्गहिल्डकाकू उठली. सत्तरीची, आठ गाईंची धनीण.

"बाई, तुमच्या यंत्रानं कितीदा इचारलं?"

"एकदाच."

"मग त्याला आमची रीत ठावं न्हाई. पुन्यांदा इचारा."

"काकू, ह्यो काय पोरखेळ हाय?" आर्ने कुरकुरला.

"तू पहिल्या वाढपालाच परात उचललीस. गप बस."

दुसऱ्यांदा गुण तिसावर गेले. तिसऱ्यांदा, शेजाऱ्याकडं न बघता, नव्वदावर. कुरण हिरवं राहिलं. गोदाम सरकत सरकत माळावरच्या एका तुकड्यावर जाऊन बसलं. तो तुकडा म्हणजे काकूचं शेत. बर्फ वितळला की वर येणारे दगड तिनं त्यातून चाळीस वर्षं वेचले होते.

द्याल का, म्हणून बाईंनी विचारलं. काकू नको म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा बाईंची जीभ रेटेना.

"इचारा की," काकू म्हणाली. "रीत अर्धी सोडू नगा."

बाईंनी विचारलं.

"घ्या. पर कुरणावर परत बोट ठिवायचं न्हाई, हे आधी लिवा. आन् माझा दगडांचा ढीग हलवायचा न्हाई."

ढीग आजही गोदामाच्या फाटकात आहे. ट्रकांना त्याला वळसा घालून जावं लागतं. गवत अकरा घरांना मिळालं. माळावर जाणारा रस्ता आर्नेच्या दारावरूनच गेला, तो त्याला फुकट. शेत तेवढं काकूचं गेलं.