कोपऱ्यापर्यंत जाऊन या

मित्रांनो, मी एक जुनी, हिरवी आणि खरं सांगायचं तर भित्री सायकल आहे. माझी घंटी इतरांना सावध करायला वाजते, असा लोकांचा समज आहे. निम्म्या वेळा ती माझ्याच जिवाच्या धाकधुकीने वाजते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी अशी नव्हते. अंगावरचा रंग ओला होता तेव्हापासून मला रस्त्याची ओढ होती. पण माझे पहिले मालक, एक मास्तर, दुकानात माझ्यावर बसलेसुद्धा नाहीत. घरीच पाठवून द्या म्हणाले आणि मी टेंपोत बसून सासरी गेले. भल्या पहाटे, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, त्यांनी मला दोन-तीनदा खाली नेलं. दोन्ही ब्रेक घट्ट दाबून ते माझ्याशेजारी थोडा वेळ उभे राहत आणि मला पुन्हा जिना चढवून वर आणत. मग तेही थांबलं. बाल्कनीत माझ्या हँडलवर आधी एक टॉवेल आला, मागोमाग सीटवर पायपुसणं आलं, आणि हळूहळू मी घरची वाळवणाची दोरी झाले. मास्तर आळशी आहेत, हौसेपोटी घेतली आणि टाकून दिली, असं मी ठरवून टाकलं. टायरना भेगा पडल्या, चेन गंजली, आणि एके दिवशी मला विकून टाकलं.

मी गेले ते काकांच्या दुकानात. काका जुन्या सायकली दुरुस्त करून विकत. त्यांनी माझे टायर बदलले, चेनला तेल दिलं आणि मला दारात उभं केलं. त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने कोपऱ्यापर्यंत चालवून आणल्याशिवाय ते सायकल विकत नसत. चप्पलसुद्धा पायात घालून बघतो आपण, असं ते म्हणायचे. येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून मला एकच प्रश्न पडायचा. हा मला चालवेल, की माझ्यावर बनियन वाळत घालेल?

अशातच एके दिवशी एक वहिनी आणि त्यांची नणंद आल्या. नणंदबाईंच्या तोंडाला खळ नव्हती, त्यामुळे सगळी हकिगत दुकानाला लगेच कळली. वहिनी इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करत. आता लाँड्री गावाबाहेर जाणार होती, आणि पहिली बस तिथे पोचायच्या आधीच सकाळची पाळी सुरू होणार होती. ज्यांची यायची सोय नाही त्यांना कामावरून कमी करणार होते. नणंदबाईंच्या दादाचं काम आधीच सुटलेलं, तेव्हा घर वहिनींच्या पगारावर चाललेलं. सुपरवायझर बाईंनी विचारलं तेव्हा वहिनी पटकन म्हणाल्या होत्या, मी सायकलने येईन. आमच्या वहिनीला सगळं येतं, असं नणंदबाईंनी अभिमानाने सांगितलं. मग त्यांनी माझे टायर दाबले, घंटी वाजवली आणि सीट उंच करायला सांगितली, कारण उंच सायकल जास्त पळते. हे शास्त्र त्यांना कुठे सापडलं कोण जाणे.

काकांनी मला वहिनींच्या हातात दिलं आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला सांगितलं.

त्यांनी माझं हँडल धरलं मात्र, माझी घंटी किणकिणली. दोन्ही ब्रेक घट्ट दाबलेले. ही पकड माझ्या ओळखीची होती. संपलं, म्हटलं, पुन्हा टॉवेल.

गर्दी आहे, पुढे गेल्यावर बसते, असं म्हणून वहिनी मला ढकलत निघाल्या. कोपऱ्यावरून वळल्या आणि दुकान दिसेनासं होताच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"मला येत नाही गं," त्या मला हळूच म्हणाल्या. "आता कुणाला सांगू?"

एक फेरी मारायला लागेल तेवढा वेळ आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. मग मला वळवायला त्यांनी मागे ओढलं, तेव्हा पायडल भिंतीला अडकलं आणि माझी चेन निसटून खाली लोंबू लागली. वहिनींना ते कळलंही नाही. त्या तशाच मला घेऊन दुकानात आल्या.

"छान चालते," त्या म्हणाल्या. "एकदम हलकी आहे."

काकांनी लोंबत्या चेनकडे पाहिलं. धरणीने मला पोटात घ्यावं असं झालं. नणंदबाईंच्या कानावर पडलं असतं, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. पण काकांनी चष्मा पुसला, नणंदबाईंच्या आणि माझ्या मधे बसकण मारली आणि चेन गुपचूप चढवली. मग सीट इतकी खाली घेतली की बसल्यावर वहिनींचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. शेवटी पाना घेऊन त्यांनी माझी दोन्ही पायडलं काढून टाकली.

"पायडलं झिजलीत, नवी मागवतो," ते म्हणाले. "आठवड्याने या. तोवर रोज हिच्यावर बसून पायांनी ढकलत न्या. फार दिवस उभी होती ही. हिच्या चाकांना सराव हवा."

माझ्या चाकांना सराव! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. लोक काय म्हणतील, असं नणंदबाईंनी विचारलं.

"म्हणू देत," काका म्हणाले. "सायकलला म्हणतील."

रोज संध्याकाळी घरामागच्या गोदामाच्या उतारावर वहिनी मला घेऊन येत आणि बसून पाय टेकत टेकत पुढे सरकत. एकदा आम्ही दोघी आडव्या झालो. खरचटलेलं कोपर त्यांनी बाहीखाली झाकलं. लाँड्री हलायचा दिवस जवळ येत होता आणि त्यांचा हात काही ब्रेकवरून सुटत नव्हता. रात्री भिंतीशी उभी असताना मला नुसते टॉवेल दिसायचे. आणि एका संध्याकाळी उतारावर त्यांचे दोन्ही पाय वर उचलले गेले, ते गोदामाच्या टोकापर्यंत खाली टेकलेच नाहीत. घाबरायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

आठवड्याने आम्ही दुकानात गेलो.

"सरावली का चाकं?" काकांनी विचारलं.

"सरावली, काका," वहिनी म्हणाल्या.

काकांनी पायडलं बसवली. ती माझीच जुनी होती, फक्त घासूनपुसून ठेवलेली. मग म्हणाले, कोपऱ्यापर्यंत जाऊन या. वहिनी बसल्या. आम्ही डगमगलो, एका हातगाडीला थोडक्यात चुकवलं, कोपऱ्याआड गेलो, आणि त्या भिंतीपाशी न थांबता वळून परत आलो. काकांनी आधी माझ्या चेनकडे पाहिलं. ती जागेवर होती.

त्यानंतर किती वर्षं मी वहिनींना सकाळच्या पाळीला पोचवलं, याची मोजदाद मी ठेवली नाही. आता माझे मडगार्ड खडखडतात. सुट्टीच्या दिवशी वहिनी कधी माझ्या हँडलवर ओला टॉवेल टाकतात आणि मला आजही ती बाल्कनी आठवते. दुसऱ्या सकाळी तो काढतात, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडतो.

मित्रांनो, सायकलला तेल द्या, हवा भरा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. एखाद्या बाल्कनीत कपडे वाळवत उभी असलेली सायकल दिसली, तर तिच्या मालकाला आळशी म्हणू नका. आजूबाजूला कोणी नसताना जवळ जा आणि हळूच विचारा, येते का तुम्हाला? माझे मास्तरही ब्रेक तसेच दाबून उभे राहायचे. त्यांना तेवढं कोणी विचारलं नाही.