सेवक दिवा

सुजनहो, भित्रा माणूस दुष्टच असतो असे नाही. पुष्कळदा तो केवळ घरमालक असतो. मेहकरचे निवृत्तीराव तसेच होते.

त्यांच्या रस्त्याकडच्या खोलीत एलिझाबाई दिघोडकर राहत. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी कुळातल्या, जन्मभर परिचारिका. निवृत्तीरावांची लेक त्यांच्याच हातांत जन्मली. दर हिवाळ्यात त्या हनुक्का या यहुदी सणाचे दिवे खिडकीत लावीत: पहिल्या सांजेस एक, दुसरीस दोन, असे आठ. यंदा दूरदेशीच्या यहुदी राष्ट्राच्या युद्धाच्या बातम्या आल्या, आणि पाचव्या सांजेस खिडकीवर दगड आला. काच फुटली, तेल सांडले. मारणारा गल्लीतलाच, पण कोणी पाहिले नाही म्हणे!

"बाई, दिवे बंद करा," सकाळी निवृत्तीराव खाली पाहत म्हणाले. "नाही त दुसरी खोली पाहा. मले लेकरंबाळं हायेत."

"आणि मला कोण आहे, निवृत्तीभाऊ?"

निवृत्तीराव घाईने निघून गेले.

सांजेला ते डोकावले. खिडकीला पुठ्ठा ठोकलेला, सामान बांधलेले. एलिझाबाई मेजावर सहा पणत्या मांडून वाती भिजवीत होत्या. 

"आत काऊन मांडल्या?"

"जिवाला धोका असेल तर आत लावाव्यात, अशी आमच्या शास्त्राची मुभा आहे. जगभर यहुद्यांनी ती शतकानुशतके वापरली. इथे आमच्या घराला ती कधीच लागली नव्हती, भाऊ. आज लागली!"

निवृत्तीरावांचा चेहरा उतरला. "मंग लावताच काऊन?"

"शत्रूने विटाळलेले आमचे मंदिर परत मिळाले, तेव्हा पवित्र तेल एकाच दिवसापुरते होते. ते आठ दिवस जळले म्हणतात. मला नवल त्याचे नाही. उद्याचे तेल नाही हे ठाऊक असून ज्याने वात पेटवली, त्याचे आहे."

"अन् हा उंचावरचा वेगळा दिवा?"

"तो सेवक. इतरांना पेटवतो, मग शेजारी जळत उभा राहतो."

निवृत्तीराव खिडकीपाशी गेले. मग त्यांनी तो पुठ्ठा टराटरा फाडला! पणत्या खिडकीत मांडल्या. बाईंनी सेवक दिव्याने सहाही पेटवल्या. निवृत्तीराव बाहेर जाऊन खिडकीखाली ओट्यावर बसले. 

"काय बे निवृत्ती," रस्त्यावरून गल्लीतला चंद्रशेखर हसला, "दिव्याची चौकीदारी करून राह्यला काय?"

"हाव! दगड मारायचा असन त आधी मले मार."

चंद्रशेखरचे हसू विरले. तो निघून गेला. बांधलेल्या सामानातून सतरंजी काढून एलिझाबाईंनी ती खिडकीतून खाली सोडली. "ओटा गार आहे, भाऊ."

सुजनहो, दगड एकाच हाताने मारला होता; पुठ्ठा मात्र आपण सर्वांनी ठोकला होता. शेजाऱ्याचा दिवा विझू लागला, की आपण त्याच्या बाजूला जाऊन उभे राहावे. धर्म यापरता निराळा नाही.