वरचा खर्च

गाडीची किंमत पैशांत द्यायची, पण वरचा खर्च वर्षांत द्यावा लागतो, हे इंदुमतीबाई बर्गेंना ठाऊक होतं. कुणाला नसतं? शोरूममध्ये त्या शिरल्या त्याच मुळी पदर खोचून. मागोमाग त्यांचे यजमान वसंतराव, गुडघे धरत.

वसंतरावांनी मिसरूड फुटल्यापासून दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या. पण लग्नानंतर बाईंना शब्द दिला होता, "तुझ्या माहेरी, वाईला, स्वतःच्या गाडीतून नेईन." बाईंना गाडीचं वेड नव्हतं हो. ह्या माणसाबरोबर माहेरच्या दारात ताठ मानेनं उतरायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

"गाडी कुणाच्या नावावर?" काउंटरवरच्या स्नेहलनं विचारलं.

"ह्यांच्या."

"मग वर्षंही काकांचीच लागतील. रोड टॅक्स एकदम पंधरा वर्षांचा."

तिनं वसंतरावांचा अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्र घरघरलं. वसंतरावांचे केस काळे झाले आणि ते खुर्चीतून टुणकन उठले.

"आता नातवाला फिरवाल ना?" बाईंनी विचारलं.

"कुठला नातू?"

"असू दे. घरी गेलं की दाखवते." बाईंचं काळीज सुपाएवढं झालं होतं. असा तरणा नवरा घेऊन माहेरी गेल्यावर वहिनीच्या नाकाला मिरच्याच झोंबणार!

मग विमा. विम्यात वसंतरावांचं पोट गेलं, चष्मा गेला आणि लेकीचं लग्न गेलं. नोंदणीत लेकच गेली. बाईंना चुटपुट लागली, नाही असं नाही. पण लेक आपल्याला आठवतेय ना, मग झालं तर, असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"झालं, काकू," स्नेहल म्हणाली. "नंबर येईल तो घ्यायचा. त्याला वेगळं काही पडत नाही."

इथं गप्प बसावं की नाही माणसानं? पण बर्ग्यांच्या सात पिढ्यांत कुणाकडं गाडी नसली, तरी नंबरची बेरीज नऊ हवी, हे मात्र घरात सगळ्यांना पाठ.

"बेरीज नऊच पाहिजे," बाई ठणकावून म्हणाल्या.

"पसंतीच्या नंबरला बरीच वर्षं जातात, काकू."

"जाऊ देत. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, त्यात कसली घासाघीस!"

यंत्र पुष्कळ वेळ घरघरत राहिलं.

बाहेर गाडी हार घालून उभी होती. बाईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, ओवाळलं.

"अहो, नारळ फोडा ना."

वसंतरावांनी मागं वळून पाहिलं. ह्या बाई कुणाला 'अहो' म्हणतायत? मागं कुणीच नव्हतं. मग वडीलधाऱ्या बाईंचा मान म्हणून त्यांनी नारळ फोडला. ओठांवर नुकतीच कोवळी मिशी फुटली होती.

"तुम्हाला कुठं सोडू का, काकू? मी वाईला निघालोय."

"वाईला काय काढलंत?" बाईंनी कसंबसं विचारलं.

तो कानापर्यंत लाजला. "मुलगी बघायला."

बाईंनी पुढचं दार उघडायला हात घातला.

"मागं बसा ना, काकू. पुढं आईसाहेब बसणारेत, वाटेत घेतो त्यांना."

सासूबाई जाऊन किती वर्षं झाली होती! बाई मागं बसल्या. त्यानं आरसा नीट केला, त्यात बघून भांग सावरला आणि गाडी चालू करता करता विचारलं, "पिसाळांची इंदू. ओळखता का हो तुम्ही तिला?"