सूक्ष्मदर्शकाची पूजा

त्या दिवशी संकष्टी होती. दर संकष्टीला मी पद्मालयाला जाते. पण डिंपलच्या कॉलेजातून फोन आला की तपासणी समिती येतेय, पालकांना यावंच लागेल. म्हणून गणपतीला घरूनच हात जोडले, गायीला घास दिला आणि एरंडोलहून धुळ्याची गाडी धरली.

डिंपल माझी धाकटी, अकरावी सायन्सला. दहावीला असताना रावेरला मामाच्या केळीवर करपा पडला होता. पानावरचे तपकिरी ठिपके नखानं खरवडत तिनं विचारलं, “मामा, हे आतून कसं दिसत असेल?” मामा म्हणाला, “मला काय माहीत? औषधवाल्याला विचार.” तेव्हापासून पोरीच्या डोक्यात शेतकी कॉलेज. धुळ्याच्या या कॉलेजच्या जाहिरातीत प्रयोगशाळा होती, ग्रंथालय होतं, खेळ, संगीत, वक्तृत्व, सगळं होतं. ‘उच्च शिक्षणाची सर्वांगीण तयारी’ असं मोठ्या अक्षरांत. आम्हाला वाटलं, पोरीला पाहिजे तेच हे. हॉस्टेलसकट तिथं घातली.

फाटकात संचालक रुपचंद सर हात जोडून उभे.

“या अक्का! दीपप्रज्वलन तुमच्याच हातून. आणि नंतर दोन मिनिटं पालकांचं मनोगत. ‘सर्वांगीण’ हा शब्द तेवढा आला पाहिजे.”

“मला भाषण येत नाही सर.”

“तेच तर पाहिजे! कपाळावरचं कुंकू, गळ्यातली माळ, हा हळू आवाज. तुम्ही बोललात की कुणी खोटं समजणार नाही.”

तो माणूस हसत होता. आणि मला माझ्याच माळेला हात लावावासा वाटेना.

प्रयोगशाळेत नव्या रंगाचा वास होता, आणि त्याच्याखाली गव्हाच्या पोत्यांचा. टेबलावर सहा सूक्ष्मदर्शक ओळीनं मांडलेले. डिंपल एकासमोर उभी होती, पांढऱ्या एप्रनवर दुकानातल्या घड्या तशाच.

“इथंच शिकवतात का वं पोरी तुम्हाला?” मी विचारलं.

“आई, हळू. कालपर्यंत इथं मेसचं धान्य होतं. हे सकाळी टेंपोतून आलं, कुठल्याशा शाळेतून.”

“मग तू यातून काय बघितलं आतापर्यंत?”

“काही नाही. शनिवारी टेस्ट असते, रविवारी पण. बघायचं कशाला? ‘कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी’ असं म्हणायचं. पाठ आहे माझं.”

तेवढ्यात तेजस सर आले, जीवशास्त्राचे. हातात हळदीकुंकवाचं ताट. “खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतो ना आपण, तशी करू. फोटो छान येतो.” ओल्या कुंकवात बोट बुडवून त्यांनी प्रत्येक सूक्ष्मदर्शकाच्या वरच्या काचेवर ठसठशीत टिळा लावला. वर झेंडूचं फूल.

“सर, डोळा इथंच लावतात ना?”

“असू द्या हो अक्का. समितीला कुठं वेळ आहे?”

समिती आली ती मेसमधून, भरीत-पुरी हाणून. तिघंही जड झालेले. त्यातले मोठे साहेब डिंपलच्या टेबलापाशी थांबले, फूल बाजूला केलं आणि वाकून डोळा लावला. चांगला वेळ वाकून राहिले. उठले तेव्हा उजव्या डोळ्याभोवती लालभडक कडं.

“वा! पेशी अगदी स्पष्ट दिसताहेत.”

कुणी हसलं नाही. तेजस सरांनी मान डोलावली. आणि माझी पोर, ओठांवर गोड हसू आणून, एका दमात म्हणाली, “सर, दर शनिवारी आम्ही दोन तास प्रॅक्टिकल करतो. बुधवारी संगीत, शुक्रवारी वक्तृत्व. इथं आमचा सर्वांगीण विकास होतो.”

मला शिसारी आली. साहेबांची आली, सरांची आली, पण ती गिळता आली असती. पोरीच्या त्या हसण्याची आली, ती घशातून खाली जाईना. घरी खोटं बोलली की हिचे कान लाल व्हायचे. आज कान जसेच्या तसे.

मंडपात सरस्वतीपुढं समई लावली. मग रुपचंद सरांनी माइक पुढं केला.

“देवीपुढं आत्ताच दिवा लावला,” मी म्हणाले, “आता खोटं बोलवत नाही. ती यंत्रं सकाळी टेंपोतून आली. माझ्या पोरीनं त्यातून अजून काहीच बघितलेलं नाही. समितीनंसुद्धा नाही.”

पुढची वाक्यं मनात होती, पण माइक हातातून गेला. “अक्का भावुक झाल्या!” रुपचंद सर ओरडले. “आईचं काळीज आहे! जोरदार टाळ्या!” आणि टाळ्या पडल्या. मोठे साहेब रुमालानं डोळा पुसत होते, कुंकू गालावर पसरत होतं, आणि मधूनमधून तेही टाळ्या वाजवत होते.

मंडपाच्या मागं डिंपलनं मला गाठलं.

“बठ्ठ्या कॉलेजसमोर, सगळ्यांच्या देखत घालवलीस माझी! इंटर्नलचे मार्क आता कोण देणार? तुझं व्रत होतं आणि मरण माझं!”

“साहेबांशी इतकं सफाईनं बोललीस, ते कुणी शिकवलं?”

“कॉलेजनं! चार दिवस तालीम होती. तेवढंच तर नीट शिकवलं इथं.”

बोलून गेली, आणि स्वतःच चपापली. कान लाल झाले होते.

समितीची गाडी हलली तसा टेंपो मागच्या दाराला लागला. दोन माणसं सूक्ष्मदर्शक गोणपाटात गुंडाळू लागली. डिंपल एकदम तिकडं गेली. आपल्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाची काच तिनं एप्रनच्या टोकानं पुसली. खाली कांद्याचा पापुद्रा होताच, सकाळी तिनंच ठेवलेला. ती वाकली.

“ए पोरी, हात नको लावू!”

“दादा, एकदाच बघू द्या.”

“शाळाले परत देनं शे. काच फुटनी ते कोन भरी?” त्यानं तिच्या हातातून तो काढून घेतला. पापुद्र्याची काचपट्टी फरशीवर पडली, फुटली.

तेजस सर मोबाइलवर फोटो बघत चालले होते. “डिंपल, काय बोललीस! साहेब एकदम खूश. पुढच्या वर्षीही त्या टेबलाला तूच.”

ती त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. मग एप्रन काढला.

“आई, शेजारच्या भागाबाईची मेघा आपल्या एरंडोलच्याच कॉलेजात जाते ना? तिथं होतात का ग प्रॅक्टिकल?”

“दोनच सूक्ष्मदर्शक आहेत म्हणे. एकाचा आरसा तडकलेला. पोरी भांडतात त्याच्यासाठी.”

“पण होतात?”

“मेघाच्या हाताला कांद्याचा वास येतो म्हणून भागाबाई रोज ओरडते तिच्यावर.”

डिंपल हॉस्टेलच्या खोलीत गेली आणि गादी गुंडाळायला लागली. मी दुसऱ्या बाजूनं धरली.