मच्छेहून आलेलं घर

भावकू गवंडी. खानापूरच्या पलीकडच्या एका गावात निम्मी घरं त्याच्या हातची. अंगणाच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी तंटा झाला, तेव्हा मधोमध चिऱ्यांची भिंतही त्यानंच घातली. पुढं भाऊ वारला, पण भिंतीपलीकडच्या राजाबाईशी, आपल्या वहिनीशी, त्याचं बोलणं काही सुरू झालं नाही. गेल्या पावसाळ्यात तिचं मातीचं घर कोसळलं. लेकीला घेऊन ती अनगोळला भाड्याच्या खोलीत गेली, तेव्हाही तो ओट्यावरून नुसता बघत राहिला.

लेक नीलम मच्छेला कारखान्यात कामाला होती. तिथं घरंच तयार व्हायची. भिंती, छप्पर, खिडक्या सगळं आत बनवायचं, ट्रकवर चढवायचं आणि जागेवर नेऊन जोडायचं. दिवाळी झाल्यावर ती काकाकडं आली.

“काका, आमचं घर तयार हाय. कंपनीच्या माणसांनी जोतंबी घातलंय. पर क्रेन आत न्यायला तुमच्या अंगणाबिगर वाट न्हाय. मधली भिंत पाडाय लागंल.”

“गवंड्याच्या भावाचं घर ट्रकातनं येणार व्हय?” भावकू म्हणाला. “गाव तोंडात शेण घालंल माझ्या. भिंत पडायची न्हाय.”

दोन दिवसांनी राजाबाई स्वतः आली. भावकूची बायको बाळाबाई “आत या की” म्हणाली, तरी ती दारातच उभी राहिली.

“भावजी, भांडण तुमचं आन् ह्यांचं हुतं. माझं न्हवतं.”

“मग घर बांधायचं मला का न्हाय सांगितलंसा? मी न्हाय म्हटलो असतो?”

“घर पडलं त्या दिवशी तुमी ओट्यावर हुतासा. मी तुमच्याकडं बघितलं हुतं.”

 एवढं बोलून राजाबाई निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहार घेऊन भिंतीवर चढला. शेजारचा गुंडू मदतीला आला, त्याला त्यानं परत पाठवलं. सांध्यांत सिमेंटचा माल त्यानंच पक्का घातला होता. चिरे सुटेनात, सुटले ते फुटले. दोन दिवस खपल्यावर, दिवस मावळायच्या सुमाराला अंगण एक झालं. त्यानं बाळाबाईला सांगितलं, “नीलमला फोन कर. वाट झालीया म्हणावं.”

घर आलं तेव्हा सारं गाव जमलं. क्रेननं एकेक भिंत उचलायची, माणसांनी ती जोत्यावर धरायची, बोल्ट आवळायचे. खिडक्यांना काचासुद्धा लागलेल्या. ना वाळू, ना पाणी, ना ओळंबा धरून एक डोळा मिटून बघणं. घर बांधलं असं भावकूला वाटेना. कुणी येऊन ठेवून गेलं, असं वाटलं. संध्याकाळी दार बसवलं. राजाबाईनं ते उघडून बघितलं, लावून बघितलं आणि मग पदरानं डोळे पुसले.

चहाला तिनं त्याला बोलावलं. भावकूनं भिंतीवर बोटाची पेरं वाजवली. आवाज पोकळ आला.

“भिंतीत देवासाठी देवळी न्हाय ठेवलेली,” तो म्हणाला. “मी काढून देतो.”

“नको. भिंत कोरायची न्हाय म्हणत्यात. लाकडी देव्हारा आणलाय. चहा घ्या, गार हुतोय.”

त्यानं चहा घेतला. बोलणं झालं ते नीलमच्या लग्नाचं आणि भाताच्या मळणीचं. भिंत परत घालायचा विषय दोघांनीही काढला नाही.

घर जोडणाऱ्यांचा मुकादम, निपाणीचा गोमटेश, जाता जाता भावकूला म्हणाला, “अण्णा, खानापूरकडची आणखी घरं हाईत. जोती घालायला माणूस मिळंना. येतासा?”

“आन् भिंती?”

“भिंती आमच्या कारखान्यात हुत्यात.”

“ठावं हाय,” भावकू म्हणाला आणि घरी आला. आठ दिवस त्यानं काही कळवलं नाही. मग नीलमकडूनच निरोप धाडला आणि सोमवारपासून तो कामावर जाऊ लागला. जोतं पुरं झालं की थापी, ओळंबा गोळा करून तो निघतो. त्या जोत्यावर घर येतं त्या दिवशी तो तिथं थांबत नाही.