कुमुदताई बंद पडते

लॅपटॉप बंद पडला की कुमुदताईही बंद पडायची. पहिल्यांदा हे झालं तेव्हा शैला पाण्याच्या पंपाच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करत होती आणि तिची थोरली बहीण कुमुदताई ओट्यापाशी पोह्यांवर खोबरं घालत होती. पडदा काळा झाला. ताईचा हात तसाच राहिला. बोटांतून सुटलेलं खोबरंही हवेत थांबलं. पोह्यांची वाफ मात्र वर जात होती.

शैलाने बटण दाबलं. लॅपटॉप सुरू झाला, खोबरं पोह्यांवर पडलं, आणि ताईने मुलीचा फोन आला का म्हणून विचारलं. मुलीशी ती सकाळीच भरपूर बोलली होती. शैलाने आपली फाइल उघडली. सकाळपासून केलेली पानं तिच्यातही नव्हती.

मग हे वरचेवर होऊ लागलं. एकदा ताई सुरू झाली ती कोल्हापूरच्या घराची किल्ली शोधतच. ते घर विकूनच ती मिरजेला शैलाकडे राहायला आली होती. पुढच्या खेपेला तिने तीन ताटं घेतली आणि भावजी अजून कसे आले नाहीत म्हणाली. भावजी, म्हणजे ताईचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली होती. शैलाने तिसऱ्या ताटातही आमटी वाढली.

तिने प्लग बदलून पाहिला, लॅपटॉपखाली दोन पुस्तकं ठेवून हवा खेळती केली. रात्रीसुद्धा तो चालूच ठेवला. पंप का बंद पडतो ते तिला लिहिता येत होतं, हे काय होतंय ते मात्र कळत नव्हतं.

शेवटी दोघी रिक्षाने दुरुस्तीच्या दुकानात निघाल्या. लॅपटॉप शैलाच्या मांडीवर चालूच होता. गतिरोधकावर धक्का बसला आणि तो बंद पडला. ताईला दुकानात उचलून न्यावं लागलं. दुकानदार इरफान मुजावरने तिला खुर्चीत बसवलं, मग लॅपटॉपचे स्क्रू काढले.

"फॅन जाम झालाय मॅडम. तापला की आपोआप बंद होतो," तो म्हणाला. चिमट्याने त्याने पंख्यातून धूळ ओढली. तिच्याबरोबर लांबलचक पांढरे केस निघत राहिले. ते त्याने कागदावर नीट गुंडाळून ठेवले.

बॅकअप आहे का, असं त्याने विचारलं. फाइलींचा आहे, शैला म्हणाली. त्याने खुर्चीकडे पाहिलं.

"यांचा?"

"नाही."

साफसफाई करून त्याने लॅपटॉपचे स्क्रू परत बसवले, तो टेबलावर ठेवला आणि सुरू केला.

ताईने डोळे उघडले. तिचे पाय आता जमिनीला टेकत नव्हते. दोन काळ्याभोर वेण्या खांद्यांवर आल्या होत्या. तिने इरफानकडे पाहिलं, मग शैलाकडे. ओळखीचं काहीच तिच्या नजरेत नव्हतं, पण ती घाबरलीही नव्हती. सांगायला कुणीतरी मोठं माणूस मिळालं, एवढाच आनंद तिच्या चेहऱ्यावर होता.

"आजी, माझ्या आईला दवाखान्यात नेलंय. मला आज बाळ मिळणार आहे."

शैला तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. ताईच्या वेणीची सुटलेली रिबीन ती बांधू लागली. गाठ काही केल्या नीट बसेना.

"भाऊ होईल का बहीण?" ताईने विचारलं.

"बहीण," शैला म्हणाली.

ताईचं तोंड विचारता विचारता उघडलं होतं, ते तसंच राहिलं. तिने उत्तर ऐकलं की नाही, ते कळलं नाही. टेबलावरचा पडदा काळा होता.

"पुन्हा गेला," इरफान म्हणाला. "चालू करा ना."

शैलाने बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही.