ताडपत्रीखालची माणसं

रफूकाकांच्या दुकानात गिऱ्हाईक येणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. हल्ली कपडा फाटला की लोक टाकून देतात. फाटलेल्या जागी धागा धागा विणून ते भोक नाहीसं करणारा माणूस अजून हयात आहे, हेच कित्येकांना ठाऊक नसतं. तरी काकांचं दार दिवसभर माणसांनी भरलेलं असे. कारण दारातच बसस्टॉप होता, आणि त्या अख्ख्या रस्त्यावर सावली म्हणायला काकांनी फुटपाथवर ताणलेली ताडपत्री तेवढी होती.

रस्ता रुंद करताना पूर्वीची झाडं गेली होती. उरलं होतं डांबर आणि समोरच्या काचेच्या इमारती, त्यामुळे दुपारची झळ खालूनही यायची आणि समोरूनही. बसची वाट बघणारे लोक ताडपत्रीखाली शिरत, काकांच्या माठातलं पाणी पीत आणि बस येईपर्यंत तोंडाचा पट्टा सोडत. नर्सबाई रात्रपाळीला शिव्या घालत. बँकेतले साहेब गुडघ्यांचं रडगाणं गात. दोन वेण्यांची एक मुलगी परीक्षेला घाबरून रडकुंडीला येई, तेव्हा काका सुई न थांबवता म्हणत, "अगं, पेपर फाटला तर घेऊन ये, रफू करून देतो." हा विनोद त्यांनी कितीदा केला असेल याला गणती नाही. पण माणसं बदलत असल्यामुळे तो शिळा होत नसे.

वरच्या दोन खोल्यांत मात्र बोलायला कोणी नव्हतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूरच्या शहरात. रविवारी फोन करून "बाबा, बरे आहात ना?" विचारी आणि उत्तर यायच्या आत "काळजी घ्या" म्हणे. पोरगा वाईट नव्हता, घाईत होता. म्हणून काका सकाळी सगळ्यांच्या आधी दुकान उघडत आणि सगळ्यांच्या शेवटी बंद करत. ताडपत्रीखाली उभी राहणारी माणसं हीच त्यांची माणसं होती, आणि हे त्या माणसांना माहीत नव्हतं.

मग एक दिवस नगरपालिकेच्या झाडवाल्या मॅडम आल्या. डोक्याला टोपी, हातात तापमान मोजायचं यंत्र. त्यांनी ते फुटपाथवर रोखलं आणि "अरे बाप रे" म्हणाल्या. मग ताडपत्रीखाली रोखलं.

"काका, तुमच्याकडे बरं आहे हो जरा."

"बरं आहे म्हणून तर सगळे इथे येऊन माझं डोकं खातात," काका खोटंखोटं वैतागले.

मॅडमनी सगळं मोकळेपणाने सांगितलं. रस्ता थोडा अरुंद करायचा, डांबर उखडून माती मोकळी करायची, झाडं लावायची, खाली बाकं ठेवायची. काकांच्या दारात जमिनीखाली नळांचं आणि वायरींचं जाळं होतं, तिथे मुळांना वाव नव्हता. चार दुकानं सोडून पुढे, जुन्या गोदामाच्या भिंतीलगत जागा होती.

"झाडं सावली देण्याएवढी झाली की स्टॉप तिकडे नेऊ. तोवर तुमची ताडपत्री आहेच."

"आणि नाही जगली तर?"

"तर स्टॉप इथेच," मॅडम हसून म्हणाल्या. "पण जगतील हो."

काका हसले नाहीत.

रोपं लागली. भाषणं झाली, फोटो निघाले. पाण्याचा टँकर आधी रोज आला, मग अधूनमधून, मग आलाच नाही. नव्याचे नऊ दिवस संपले आणि रोपांनी माना टाकल्या. काका रोज तिथवर जात, बघत आणि परत येत. पाणी घालणं हे काही त्यांचं काम नव्हतं. रोपं वाळताना बघून त्यांना आतून बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती.

अशातच एका दुपारी बसला फार उशीर झाला. ताडपत्रीखाली मुंगी शिरायला जागा उरली नाही. एक गरोदर बाई मागाहून आली आणि कडेला उन्हातच उभी राहिली. "सरका की जरा," काका ओरडले. लोक सरकले, पण ताडपत्री काही रबराची नव्हती. काका तिला आत बोलवायला उठेपर्यंत ती मटकन खाली बसली आणि फुटपाथवर आडवी झाली. नर्सबाईंनी तिला सावलीत ओढलं, कुशीवर वळवलं, तोंडावर पाणी मारलं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि विचारलं काय, तर "बस गेली का?" सगळे सुटल्यासारखे हसले. काकांना मात्र तिचा भाजून लाल झालेला गाल दिसत राहिला.

त्या संध्याकाळी त्यांनी बादली उचलली.

शेजारचा किल्लीवाला दारातून बघत होता. "काका, घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजताय. वर आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय. ही झाडं जगली तर तुमच्या दारात काळं कुत्रं फिरकणार नाही."

"माहीत आहे रे मला."

"मग?"

"मग काय? ती दुसरी बादली उचल."

किल्लीवाल्याने कुरकुरत उचलली. पुढचे कितीतरी उन्हाळे तो कुरकुरतच होता, पण बादली त्याने सोडली नाही.

झाडं वाढली. फांद्यांना फांद्या भिडल्या, भिंतीलगतचा तो तुकडा इतका गार झाला की रिक्षावाले जेवणाचे डबे तिथेच उघडू लागले. मॅडम यंत्र घेऊन आल्या, आकडा बघून त्यांनी टाळ्याच पिटल्या. "तुमच्यामुळे झालं हो, काका," म्हणून त्यांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले. काकांना खरंच अभिमान वाटला. पुढच्या आठवड्यात माणसं येऊन दारातला स्टॉपचा खांब उपटून घेऊन गेली. खड्डा सिमेंटने बुजवला, तोही ओबडधोबड. असलं काम काकांनी गिऱ्हाइकाला कधी दिलं नसतं.

नर्सबाई सुरुवातीला आवर्जून हात करत. पुढे रोज रोज कोण हात करणार? दोन वेण्यांची मुलगी तर केव्हाच शिकून कुठेतरी निघून गेली होती. माठ सकाळी भरायचा आणि संध्याकाळी तसाच ओतायचा. "गरज सरो नि वैद्य मरो," किल्लीवाला म्हणाला.

"वैद्य मेला नाही रे," काका म्हणाले. "बसलाय."

पण बसवेना. पुढून हसण्याचा आवाज आला की काका मान लांब करून बघत. कधी कधी दिवस मावळल्यावर त्यांच्या लक्षात येई, की आज आपण तोंडच उघडलेलं नाही. त्यांना फार एकटं वाटत होतं, आणि हे सांगायलाही कोणी समोर नव्हतं.

शेवटी एका दुपारी त्यांनी सुई गादीत खोचली, शटर अर्धं ओढलं आणि स्टॉपकडे चालू लागले.

"अय्या, काका! या, या, बसा," नर्सबाई म्हणाल्या. त्यांचे केस पिकले होते. बाकावर सगळ्यांनी सरकून जागा केली. काकांनी बँकेतल्या साहेबांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि साहेब जे सुरू झाले ते थांबेचनात. काका मन लावून ऐकत होते. वर पानं हलत होती. किती दिवसांनी त्यांना कोणी सलग काही सांगत होतं.

"पण काका, आज दुकान सोडून कुठे निघालात?" नर्सबाईंनी विचारलं.

'तुमच्याकडेच' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण एवढ्या लोकांत ते भलतंच वाटलं असतं. "जरा शेवटच्या स्टॉपवर काम होतं," काका म्हणाले.

"मग ही बघा, आलीच तुमची बस!"

"अहो, असू दे, पुढच्या बसने..."

"छे छे, पुढची कधी येईल नेम नाही. काकांना आधी चढू द्या हो!" साहेबांनी दुखऱ्या गुडघ्यांनिशी उठून त्यांना दंडाला धरून चढवलं, नर्सबाईंनी मागून हात लावला. कुणीतरी जागाही मिळवून दिली. बस हलली. खिडकीतून काकांनी पाहिलं तर सगळे पुन्हा बाकावर ऐसपैस बसले होते.

"कुठे जायचं?" कंडक्टरने विचारलं.

"पुढच्या स्टॉपला उतरतो."

"पुढच्याच? काका, एवढं तर सावलीसावलीने चालत गेला असतात."

"हो," काका म्हणाले. "झाडं छान झालीत."

उतरून ते चालत परत आले. तोवर नर्सबाई गेल्या होत्या, साहेब गेले होते, बाकावर सगळे नवे चेहरे होते. काका कडेला टेकले. मांडीवर पिशवी घेतलेल्या एका माणसाने विचारलं, "कुठली बस बघताय?"

"कुठलीच नाही," काका म्हणाले. "मी इथलाच. घरी कोणी नाही, म्हणून बोलायला आलोय."

"अच्छा," तो माणूस म्हणाला. जरासा सरकून बसला आणि बस येते का ते बघायला त्याने मान वळवली.